सरासरींत हरवलेला वारा

गेल्या नाताळच्या सुटींतील गोष्ट. दुपारची वेळ होती. सहामाही परीक्षेच्या गुणांची बेरीज करीत मी ओसरीवर बसलों होतों. इतक्यांत फाटक वाजलें व एक उंच तरुण आंत येऊन नम्रपणें उभा राहिला. "सर, ओळखलें का मला?" असें त्यानें विचारलें. त्याचें नांव मला लगेच आठवलें नाहीं; पण त्याची गणिताची वही आठवली. शिक्षकांचें असेंच असतें. चेहरे बदलतात, नांवें विसरतात, परंतु एखाद्यानें समासांत खोडून पुन्हां लिहिलेले आंकडे वर्षानुवर्षें डोळ्यांपुढें राहतात.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीं हा आमच्या शाळेंत दहावीच्या वर्गांत होता. त्याच्याविषयीं माझ्या मनांत एक जुनी बोचणी होती, आणि त्याला समोर पाहतांच ती पुन्हां जागी झाली. ती कोणती हें मी लेखाच्या शेवटीं सांगणार आहें. आधीं त्यानें त्या दुपारीं मला जें शिकविलें तें सांगतों. कारण त्या शिक्षणावांचून माझ्या चुकीचें खरें स्वरूप मला कळलें नसतें.

चहा झाल्यावर मीं विचारलें, "सध्यां काय करतोस?" तो म्हणाला, "वाऱ्याचा हिशेब ठेवतों, सर." आणि हंसून त्यानें पिशवींतून लॅपटॉप काढून माझ्यापुढें ठेविला. पडद्यावर पात्यांच्या दोन उभ्या रांगा होत्या. डावीकडील रांग स्थिर. उजवीकडील रांग एकसारखी वर सरकत होती. स्थिर रांगेंतील प्रत्येक पात्याच्या मागून एक निळसर पट्टा निघे. सरकतीं पातीं त्याचे तुकडे करीत. ते तुकडे वांकत, ताणले जात, आणि दोन पात्यांच्या मधल्या वाटेनें पुढें वाहत जात. "हा विमानाच्या इंजिनांतील वारा," तो म्हणाला. "पण हें छायाचित्र नव्हे. ह्यांतील एकहि रेघ कोणीं पाहिलेली नाहीं. सारी गणितानें काढलेली आहे."

विद्यार्थीमित्रहो, तो निळा पट्टा म्हणजे काय हें समजण्यास विमानांत बसण्याची गरज नाहीं. पावसाळ्यांत नदीच्या पुलावर उभें राहून खालीं पाहावें. प्रत्येक खांबाच्या मागें पाण्याचा एक मंद, घुटमळणारा पट्टा दूरवर गेलेला दिसतो. वाहत आलेल्या काड्या व फेंस त्यांत गिरक्या घेतात. पात्याच्या मागें हवेचाहि असाच मंद पट्टा असतो. भेद एवढाच कीं, नदींतील खांबामागें दुसरे धांवते खांब नसतात, इंजिनांत असतात.

पाण्याचा पंप, वीजगृहांतील टर्बाइन व विमानाचें जेट इंजिन हीं एकाच कुळांतील यंत्रें होत. पात्यांची फिरती रांग वाहत्या पदार्थास ऊर्जा देते किंवा त्याच्यापासून घेते. स्थिर रांग त्याला पुढच्या रांगेसाठीं वळवून देते. जेट इंजिनांत अशा फिरत्या व स्थिर रांगा एकीमागें एक अनेक असतात. फ्रँक व्हिटल ह्यांचें इंजिन इंग्लंडांत १२ एप्रिल १९३७ रोजीं प्रथम चाललें, व हान्स फोन ओहाइन ह्यांच्या इंजिनावर जर्मनींत २७ ऑगस्ट १९३९ रोजीं पहिलें जेट विमान उडालें. त्या पिढीच्या हातीं कागद, पेन्सिल, गणनपट्टी व प्रयोगशाळा हींच साधनें होतीं. पात्यांच्या मधोमध वारा क्षणोक्षणीं काय करतो हें गणितानें पाहण्याची सोय त्यांना नव्हती.

ह्याचें कारण नियम ठाऊक नव्हते असें नाहीं. वाहत्या पदार्थाच्या गतीचीं समीकरणें फ्रान्समधील नाव्हिए ह्यांनीं १८२२ त मांडलीं व केंब्रिजच्या स्टोक्स ह्यांनीं १८४५ त तीं पक्क्या पायावर उभीं केलीं. तीं एका लहानशा कागदावर मावतात. परंतु समीकरण मांडणें निराळें व तें सोडविणें निराळें, हें नववींतल्या मुलासहि माहीत आहे. कांहीं अगदीं सोप्या आकृती सोडल्या तर हीं समीकरणें नेहमींच्या रीतींनीं सुटत नाहींत. तेव्हां दुसरी वाट धरावी लागते. सगळ्या जागेवर एक बारीक जाळें पसरावयाचें. जाळ्याच्या प्रत्येक खणांत वेग, दाब व तापमान ह्यांचा एकेक आंकडा ठेवावयाचा. शेजारच्या खणांतून किती आलें व शेजारीं किती गेलें ह्याचा जमाखर्च मांडावयाचा. आणि काळाचें एक लहानसें पाऊल टाकून तेंच सारें पुन्हां करावयाचें. ह्यांत बेरीज, वजाबाकी, गुणाकार व भागाकार ह्यांपलीकडे फारसें कांहीं नाहीं. अडचण आहे ती संख्येची.

ही वाट प्रथम मोठ्या धैर्यानें चालून पाहणारा मनुष्य लुइस फ्राय रिचर्डसन हा होय. तो क्वेकर पंथाचा असल्यामुळें पहिल्या महायुद्धांत त्यानें शस्त्र धरिलें नाहीं. फ्रान्समध्यें जखमी सैनिकांच्या गाडीवर काम केलें. त्या धामधुमींत, थंड मुक्कामावर गवताच्या ढिगाचें टेबल करून, त्यानें २० मे १९१० ह्या दिवसाच्या नोंदींवरून सहा तासांत वायुभार किती बदलावा ह्याचा हिशेब हातानें केला. त्यास जवळ जवळ सहा आठवडे लागले. १९१७ च्या एप्रिल महिन्यांत लढाईच्या वेळीं हस्तलिखित हरवलें. कांहीं महिन्यांनीं तें बेल्जियममध्यें कोळशाच्या ढिगाखालीं सांपडलें. आणि इतकें करून उत्तर चुकलें! हिशेबाप्रमाणें वायुभार १४५ मिलिबार वाढावयास पाहिजे होता. प्रत्यक्षांत तो जवळ जवळ स्थिर होता. रिचर्डसननें तें चुकलेलें उत्तर न लपवितां १९२२ त आपल्या ग्रंथांत छापलें, आणि त्याच ग्रंथांत एक स्वप्नहि लिहून ठेविलें: एका प्रचंड गोलाकार सभागृहांत ६४,००० माणसें बसून साऱ्या पृथ्वीच्या हवेचा हिशेब करीत आहेत, आणि मध्यभागीं उंचावर उभा असलेला एक नायक पुढें गेलेल्यांवर तांबूस व मागें राहिलेल्यांवर निळा प्रकाश टाकून सर्वांना एका चालीनें नेत आहे. आज ज्यास आपण अनेक प्रोसेसरांचा महासंगणक म्हणतों त्याचेंच हें चित्र नव्हे काय?

रिचर्डसनची कथा मी वर्गांत पूर्वींहि सांगत असें. पण माझ्या विद्यार्थ्यानें तिला एक पुरवणी जोडली. पुढें पीटर लिंच ह्या आयरिश हवामानशास्त्रज्ञानें तोच हिशेब संगणकावर पुन्हां केला, तेव्हां असें दिसलें कीं रिचर्डसनच्या अंकगणितापेक्षां आरंभींच्या आंकड्यांत दोष होता. त्यांतील वारा व दाब ह्यांचा मेळ नसल्यामुळें खोट्या लाटा उठल्या व त्यांनीं उत्तर गिळून टाकलें. आरंभींचे आंकडे योग्य रीतीनें गुळगुळीत करून घेतले तेव्हां त्याच पद्धतीनें समंजस उत्तर आलें. "म्हणजे सर," तो म्हणाला, "कोणता चढउतार पुसून टाकावा व कोणता जपून ठेवावा, हेंच आमच्या धंद्यांतलें अर्धें शहाणपण आहे." त्या वेळीं हें वाक्य मीं सहज ऐकून सोडलें.

इंजिनांतील वाऱ्याचा हिशेब करणाऱ्यांनीं आरंभीं पुसून टाकण्याचाच मार्ग घेतला, व तो घेणें त्यांस भाग होतें. ऑस्बर्न रेनल्ड्स ह्यांनीं १८९५ त वेगाचे दोन भाग पाडले: एक सरासरीचा व दुसरा तिच्याभोवतीं होणाऱ्या हेलकाव्यांचा. तेव्हांपासून अभियंत्यांनीं सरासरीचें गणित करावयाचें व हेलकाव्यांचा परिणाम अंदाजानें धरावयाचा, असा रिवाज पडला. १९७० नंतरच्या दशकांत केंब्रिजचे जॉन डेंटन ह्यांनीं पात्यांमधील प्रवाह काढणाऱ्या गणनप्रणाली लिहिल्या व त्या वर्गाच्या प्रणालींनीं यंत्ररचनेची रीतच पालटली. पुढें अनेक रांगांचा एकत्र हिशेब करतांना एक युक्ति रूढ झाली. फिरत्या रांगेचें गणित जणूं तिच्यावर बसून करावयाचें व स्थिर रांगेचें जमिनीवर उभें राहून. आणि दोहोंच्या मध्यें एक मिसळणीची सीमा मानावयाची. पहिल्या रांगेंतून बाहेर पडलेल्या हवेची त्या सीमेवर वर्तुळभर सरासरी काढावयाची व तो एकसारखा केलेला वारा पुढच्या रांगेस द्यावयाचा. खांबामागचा मंद पट्टा त्या सीमेपर्यंत येतो आणि तेथें नाहींसा होतो. पुढच्या पात्याला तो कधींच भेटत नाहीं.

मीं म्हटलें, "मग बिघडलें काय? विमानाला जो जोर मिळतो तो शेवटीं सरासरीच ना? वर्षभराचे गुण पाहावयाचे तर आम्हीहि सरासरीच काढतों." माझ्या मांडीवर त्या वेळीं गुणपत्रकें होतीं.

तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, "सर, प्रत्येक ठिकाणीं नुसती सरासरीच नांदत असती तर इंजिन चाललेंच नसतें."

मीं एक कोरा कागद त्याच्यापुढें सरकविला. त्यानें त्यावर एकच ओळीचें समीकरण लिहिलें व तें मला असें समजावून दिलें. घर्षण आणि उष्णतेची देवघेव बाजूस ठेविली तर हवेच्या कणाची एकूण ऊर्जा बदलण्यास एकच वाट उरते: तो कण ज्या ठिकाणीं आहे त्या ठिकाणचा दाब काळाबरोबर बदलत असला पाहिजे. जेथें प्रत्येक ठिकाणचा दाब कायम आहे तेथें हवा वळेल, अरुंद वाटेंत धांवेल, रुंद वाटेंत मंदावेल. पण तिच्या एकूण ऊर्जेंत कणभर भर पडणार नाहीं. फिरत्या पात्याच्या एका अंगास दाब अधिक व दुसऱ्या अंगास कमी असतो. म्हणून बाहेर स्थिर असलेल्या बिंदूवरून एकामागून एक पातें जातांना तेथील दाब चढतो व उतरतो. आणि ह्या चढउतारांतूनच यंत्राचें काम हवेंत उतरतें. पात्यावर बसून पाहणाऱ्यास हा चढउतार दिसत नाहीं. त्याला सारें स्थिरच भासतें. हा मुद्दा रॉबर्ट डीन ह्यांनीं १९५९ त आपल्या निबंधांत स्पष्टपणें मांडला. पंप असो वा टर्बाइन, अस्थिर प्रवाहावांचून असल्या यंत्राचें काम होऊंच शकत नाहीं.

पंचवीस वर्षें मी गतिशास्त्र शिकवीत आहें. पण हें मीं कधीं असें पाहिलें नव्हतें. चढउतार म्हणजे दोष, स्थिरता म्हणजे गुण, असेंच मी समजत आलों होतों.

मग अस्थिर वाऱ्याचें संपूर्ण गणित कां करीत नाहींत? करतात, पण तें किती महाग आहे हें पाहावें. फिरत्या रांगेचें जाळें स्थिर रांगेच्या जाळ्याला चाटून एकसारखें सरकत असतें, आणि प्रत्येक पावलास दोहोंच्या सीमेवरील खण नव्यानें जुळवून घ्यावे लागतात. शिवाय दोन रांगांतील पात्यांची संख्या सारखी नसते. सारखी असती तर सर्व पात्यांना एकाच क्षणीं धक्के बसून यंत्र हादरलें असतें. त्यामुळें एका पात्याचा हिशेब करून तोच सगळ्यांस लावतां येत नाहीं. १९७७ त एर्डोस व त्यांचे सहकारी ह्यांनीं तोड काढली: शेजारच्या पात्याजवळ जें आतां घडतें तेंच ह्या पात्याजवळ ठराविक वेळानें घडेल असें धरून मागचे आंकडे जपून ठेवावयाचे. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील नासाच्या एम्स संशोधनकेंद्रांत मनमोहन राय ह्यांनीं टर्बाइनच्या स्थिर व फिरत्या रांगांतील परस्परक्रियेचें गणित केलें, तेव्हां पात्यांचा आकार थोडा बदलून दोन्ही रांगांची संख्या समान मानावी लागली. नंतर तीन पात्यांस चार पातीं असें प्रमाण घेतां आलें. सबंध वर्तुळाचा हिशेब अजून दूर होता.

किती दूर, हें आम्ही दोघांनीं त्याच कागदावर काढून पाहिलें. मुलांनीं तें स्वतः ताडून पाहावें. समजा, इंजिन मिनिटास १०,००० फेरे करतें. म्हणजे एका फेऱ्यास ६ सहस्रांश सेकंद. रांगेंत ४० पातीं असल्यास एका पात्यामागून दुसरें येण्यास ०.१५ सहस्रांश सेकंद लागतो. तेवढ्या अवधींत ६० पावलें टाकलीं तर एका फेऱ्यास २,४०० पावलें होतात, आणि प्रवाह आपल्या चालीवर येईपर्यंत पांच फेरे धरले तर १२,०००. जाळ्याचे खण १० कोटि व प्रत्येक खणास प्रत्येक पावलीं हजार अंकक्रिया धरल्या तर एकूण क्रिया १,२०० लाख कोटि झाल्या. रिचर्डसनच्या सभागृहांतील ६४,००० माणसांनीं दर दहा सेकंदांस एक क्रिया करून अहोरात्र काम केलें तरी त्यांस सुमारे सहा हजार वर्षें लागतील. इजिप्तमधील पिरॅमिड बांधण्यापूर्वीं बसलेले लोक आज कोठें उठले असते! आणि इतकें करून इंजिनाचे फेरे किती? पांच. वेळ किती? सेकंदाचे तेहतिसावें अंश.

हें काम आज होतें तें गेल्या कांहीं दशकांत संगणकांची शक्ति अतोनात वाढली म्हणून. आणि त्यांतहि एक गंमत आहे. संगणकावरील खेळांचीं चित्रें झपाट्यानें काढण्यासाठीं जे ग्राफिक्स प्रोसेसर बनविले गेले, त्यांच्या अंगीं एकाच प्रकारच्या हजारों क्रिया एकदम करण्याचा गुण होता. केंब्रिजच्या व्हिटल प्रयोगशाळेंत ब्रांडविक व पुलन ह्यांनीं त्या प्रोसेसरांवर चालणारें टर्बोस्ट्रीम नांवाचें सॉफ्टवेअर लिहिलें. मुलांचे खेळ म्हणून ज्यांकडे आम्ही शिक्षक कपाळाला आंठ्या घालून पाहतों, त्यांच्याच पोटीं ही सोय निपजली.

आतां फळ काय? पहिलें फळ यंत्राच्या सुरक्षिततेचें. झोपाळ्याला योग्य वेळीं लहान लहान धक्के दिले तर तो उंच जातो. तसेंच मागील रांगेचे मंद पट्टे ठराविक वेळानें पात्यावर आदळतात व त्यांची लय पात्याच्या स्वाभाविक कंपनाशीं जुळली तर पातें कालांतरानें तडकतें. वाफेच्या टर्बाइनांच्या चाकांविषयीं अशा कंपनांचा अभ्यास विल्फ्रेड कँबेल ह्यांनीं १९२४ त प्रसिद्ध केला व त्यांच्या नांवाची आकृती अभियंते अद्याप काढतात. लय कोठें जुळते हें ती आकृती सांगते. धक्का किती जोराचा हें अस्थिर वाऱ्याचें गणित सांगतें. सरासरीच्या गणितांत तो धक्काच नसतो.

दुसरें फळ ऐकून मी अधिक चकित झालों. इंजिनाच्या मागील भागांत कमी दाबाचें टर्बाइन असतें. तेथें पात्याच्या पाठीवरून वाहणारी हवा मंदावून पाठ सोडूं लागते व तोटा होतो. वरून येणारे मंद पट्टे हा केवळ उपद्रव आहे असें कोणासहि वाटेल. परंतु प्रयोगांवरून असें आढळलें कीं, पट्टा येऊन गेला कीं पाठीजवळची थंडावलेली हवा खवळते आणि कांहीं काळ पात्यास धरून राहते. ती पुन्हां सुटूं पाहते तोंच पुढचा पट्टा येतो. केंब्रिज येथें हॉवर्ड हॉडसन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ह्याचा कसून अभ्यास केला. आणि १९९० नंतरच्या दशकांत ह्या ज्ञानाच्या आधारें प्रत्येक पात्यावर अधिक भार टाकून पात्यांची संख्या व यंत्राचें वजन कमी करतां आलें. ज्याला आपण विघ्न समजत होतों तेंच हवेला पात्यापाशीं टिकवून धरीत होतें.

माझ्या विद्यार्थ्यानें एक सावधगिरीची गोष्टहि सांगितली, व ती मीं तरुण वाचकांसाठीं मुद्दाम टिपून ठेविली आहे. पडद्यावरील चित्र सुंदर आहे म्हणून तें खरें आहे असें नव्हे. अगदीं बारीक भोंवरे मोठ्या जाळ्यांतहि मावत नाहींत. त्यांचा परिणाम अद्याप अंदाजानेंच धरावा लागतो. "म्हणून सर," तो म्हणाला, "आंत गेली तितकीच हवा बाहेर आली का, हें मी आधीं पाहतों. मग जाळें दुप्पट बारीक करून उत्तर बदलतें का तें पाहतों. मग प्रयोगांतील आंकडा मागवितों. तिन्हींत उत्तर टिकलें तरच वरिष्ठांस चित्र दाखवितों." गणितांत ताळा करून पाहण्याची संवय त्याला कोठें लागली असें मीं विचारिलें नाहीं; पण मनांत थोडा आनंद झाला, हें कबूल करतों.

तो आनंद फार टिकला नाहीं. जातां जातां मीं सहज विचारलें, "पण ह्या विषयाची गोडी तुला लागली कशी?" तो म्हणाला, "आमच्या विहिरीवरच्या पंपामुळें. त्याच्या आवाजावरून मला कळे कीं आतां पाणी उतरलें, आतां पंप हवा ओढूं लागला. मोटर मिनिटास २,८८० फेरे करी. पंखास सहा पातीं. म्हणजे सेकंदास २८८ ठोके. तो सूर बदलला कीं मी जागा होत असें."

"जागा? म्हणजे रात्रीं?"

"होय, सर. त्या वेळीं आमच्याकडे शेतीची वीज एक आठवडा दिवसा व एक आठवडा रात्रीं येई. रात्रींच्या आठवड्यांत मी व वडील पहांटेपर्यंत पाणी धरीत असूं."

तो गेल्यावर मीं जुनें कपाट उघडलें. शिक्षक कांहीं टाकून देत नाहींत. त्या वर्षाची गुणवही तळाशीं होती. दर सोमवारीं मी पंचवीस गुणांची परीक्षा घेत असें. त्याच्या नांवापुढें ओळीनें आंकडे होते: २२, ७, २३, ६, २४, ८. बेरीज ९०, सरासरी १५. खालीं माझ्याच अक्षरांत शेरा होता: "साधारण. अनियमित." पण बोचणी ह्याची नव्हती. बोचणी ही कीं, ज्याला एका सोमवारीं सात गुण त्याला पुढच्या सोमवारीं तेवीस कसे, असा मला संशय आला होता. तो कोणाचें तरी पाहून लिहितो असें मीं ठरविलें, व पुढें सबंध सत्रभर त्याला परीक्षेच्या वेळीं एकट्याला फळ्याजवळ बसविलें. त्यानंतरहि आंकडे तसेच राहिले. एकटा बसून तो २२ मिळवीत होता. हा पुरावा माझ्या डोळ्यांपुढें होता, आणि मीं तो वाचला नाहीं. वर्षाखेरीस त्याच्या वडिलांना मीं सांगितलें कीं मुलाला गणिताच्या वाटेस पाठवूं नये. त्यांनीं शिक्षकाचा शब्द मानला, आणि एक वर्ष मुलगा घरीं राहिला. मग त्यानें स्वतःच्या हिंमतीनें तंत्रनिकेतनाची वाट धरली, व तेथून पुढची.

सहा आंकडे होते. त्यांत दोन आठवड्यांची लय इतकी स्वच्छ होती कीं, आवर्ती गति शिकविणाऱ्या मनुष्यास ती एका दृष्टिक्षेपांत दिसावयास पाहिजे होती. मीं बेरीज केली, सहांनीं भागलें, आणि ती लय पुसून टाकली. नंतर जी माझ्या सरासरींत बसेना तिला लबाडी हें नांव दिलें. "काल रात्रीं तूं कोठें होतास?" हा एक प्रश्न मला सुचला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मी त्याच्या गांवीं गेलों. मला पाहून त्याचे वडील गडबडून उठले व त्यांनीं घोंगडी अंथरली. मीं त्या दोघांसमोर वही उघडली व माझी चूक सांगितली. वडील म्हणाले, "गुरुजी, तें जुनें झालें." मुलगा कांहीं वेळ त्या आंकड्यांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "फळ्याजवळ बसण्याचें मला वाईट वाटे, सर. खोटें कशाला बोलूं?" त्यापलीकडे तो कांहीं बोलला नाहीं, व मींहि समजूत घालूं पाहिली नाहीं. आम्ही विहिरीवर गेलों. पंप चालूं होता. त्यानें मला सूर ऐकविला.

ह्या गोष्टीस आतां कांहीं महिने झाले. शाळेच्या संगणकांच्या खोलींत आम्हीं ओपनफोम हें सॉफ्टवेअर बसविलें आहे. तें २००४ पासून कोणासहि विनामूल्य मिळतें व त्याची संहिता उघडी आहे. नववीच्या मुलांनीं त्यावर एका गोल खांबाभोवतींच्या प्रवाहाचें लहानसें गणित केलें. पहिल्या रात्रीं वीज गेली व सारें वायां गेलें. दुसऱ्या खेपेस खांबामागून एकदां डावीकडे, एकदां उजवीकडे असे भोंवरे सुटूं लागले तेव्हां मुलांनीं टाळ्या पिटल्या. मीं त्यांना ताळा करावयास लाविलें. भोंवऱ्यांची वारंवारता खांबाच्या व्यासानें गुणून वेगानें भागली, उत्तर ०.१६ च्या जवळ आलें, व पुस्तकांतील आंकड्याशीं जमलें.

आणि माझ्या गुणवहींत मीं एक बदल केला आहे. सरासरीचा रकाना आहेच. तो वरिष्ठांस पाठवावा लागतो. पण त्याच्या अलीकडे मी प्रत्येक मुलाच्या गुणांची लहानशी रेघ काढूं लागलों आहें, वर जाणारी, खालीं येणारी. आठवी ब मध्यें एका मुलीची रेघ दर गुरुवारीं खालीं जाते. बुधवारीं आमच्या गांवचा बाजार असतो. उद्यां शाळा सुटल्यावर मी तिच्या घरीं जाणार आहें.